काटा हिरव्यात

१

सुखदेव वाघमारेच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी कंपनीनं उत्कर्षाला बोलावून घेतलं. बोटं वाचवायला नव्हे. ते आता कोणाच्या हातात उरलं नव्हतं. कंपनीला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. त्या दुपारी सुखदेवनं मीटर बघितला होता, की नव्हता?

बघितला असेल तर तो अपघात. मग उपचार कंपनी करणार आणि पुढे बसून करायचं एखादं कामही देणार. बघितला नसेल तर निष्काळजीपणा. मग सुखदेवनं आपला हात घेऊन घरी जायचं.

कंपनी हडपसरची. पाइपांच्या जोडांत चीर राहिली आहे का, हे गॅमा किरणांनी फोटो काढून बघणं हा तिचा धंदा. त्यासाठी एक जाड, जड पेटी असते. तिला सगळे कॅमेरा म्हणतात. पेटीत गॅमा किरणं सोडणारं, मुगाच्या दाण्याएवढं इरिडियम. हँडल फिरवलं की तारेच्या टोकाला अडकवलेलं हे इरिडियम एका लांब नळीतून जोडापर्यंत जातं. उलटं फिरवलं की परत पेटीत येतं. त्या दिवशी लोणी काळभोरजवळच्या एका कारखान्यात हँडल उलटं फिरलं, तार परत आली, पण इरिडियम तारेवरून सुटून नळीतच राहिलं. सुखदेवनं नळी काढली, हातानं गुंडाळली, जीपमध्ये टाकली आणि तो हडपसरला आला. गोदामाच्या फाटकाशी सुरक्षा अधिकारी शर्मिलाच्या खिशातला, किरणं जाणवली की वाजणारा भोंगा ओरडू लागला, तेव्हा सगळं उघड झालं.

हे टळायला एकच गोष्ट पुरे होती. नळीला हात लावण्याआधी किरणं मोजणारा मीटर जवळ न्यायचा आणि काटा बघायचा.

उत्कर्षा दामलेचं सारं आयुष्य असे मीटर तपासण्यात गेलं होतं. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावरही लोक तिला बोलवत, कारण ती मोजकं बोलत असे आणि बोललेलं मागे घेत नसे.

टेबलाच्या पलीकडे दोघं बसले होते. शर्मिला, कंपनीची सुरक्षा अधिकारी. आणि जयसिंग, साइटचा सुपरवायझर.

"मीटर जीपमध्येच होता मॅडम," जयसिंग म्हणाला. "सीटवर. मी निघालो तेव्हा बघितलाय ना मी."

"कधी निघालात?"

"जेवण झाल्यावर. एकच जोड राहिला होता. म्हटलं, उरका पटकन, कारखानावाले बोंब मारतायत. आणि आलो मोटरसायकलवर."

"म्हणजे घटना घडली तेव्हा तुम्ही नव्हता."

"नव्हतो. पण मीटर तिथंच होता."

"जयसिंगना न बघितलेलं जास्त स्पष्ट दिसतं," शर्मिला म्हणाली.

उत्कर्षानं मीटर पुढे ओढला. पिवळा चौकोनी डबा, वर धरायला मूठ, काचेखाली काटा आणि एक फिरवायचं बटण. तिसरी शक्यता याच डब्यात होती. मीटरच बिघडलेला असेल, तर सुखदेव सुटला.

डबा कुठे फुटलेला नव्हता. सेलच्या टोकांना गंज नव्हता. तिनं बटण एक खटका फिरवलं. काटा उठून सेलच्या छोट्या हिरव्या पट्टीत उभा राहिला. म्हणजे सेल चांगले. दुसरा खटका दिल्यावर टिक... टिक... असा सावकाश आवाज सुरू झाला. हवेत, भिंतीत, माणसाच्या अंगातही थोडा किरणोत्सर्ग असतोच. तेवढा मीटरला ऐकू येत होता. मग तिनं पिशवीतून सदऱ्याच्या गुंडीएवढा, किंचित किरणं सोडणारा तपासणीचा नमुना काढला. तो मीटरसमोर धरल्यावर काटा किती चढायला हवा, हे तिला पाठ होतं. तेवढाच चढला. अंतर दुप्पट केलं. काटा चौथाईवर आला. फार जोरदार किरणांत काही मीटर गुदमरून शून्य दाखवतात. हा तसा नाही, असं प्रयोगशाळेनंही कालच कळवलं होतं.

"मीटर निर्दोष आहे," ती म्हणाली.

जयसिंग खुर्चीत मागे टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच उत्कर्षाला एका चांगल्या मीटरचा राग आला.

२

सुखदेव दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात बँडेजात, वर टांगलेला. त्याची बायको नंदा पायाशी सफरचंद चिरत होती. उत्कर्षाला बघून तिनं सुरी खाली ठेवली.

"तुम्ही मीटर बघितला होता?" उत्कर्षानं विचारलं.

"बघितला की."

"काय दाखवत होता?"

"हिरव्यात हुता."

"काटा नेमका कुठे होता?"

"हिरव्यात, मॅडम. म्हंजी काय धोका न्हाई. म्हनून तर नळीला हात घातला."

"आणि आवाज?"

सुखदेव भिंतीकडे बघायला लागला. "आवाज न्हवता."

"अजिबात? मोकळ्या रानातसुद्धा मीटर मधूनमधून टिकटिकतो."

"आता कसं आठवंल मॅडम? हात बघा माजा."

"ताई, ह्यांच्यावर कोन असा आळ घेतंय?" नंदा मध्येच बोलली. "झोपायच्या आधी गॅसचं बटन दोनदा बघनारा मानूस हाय ह्यो. म्या बघितलं म्हनलं तरी पुन्यांदा उठून जातो. ह्यो मीटर न बघता हात घालंल?"

"तू गप गं," सुखदेव म्हणाला. पण ते रागानं नव्हतं.

उत्कर्षा उठली. ती दारापर्यंत पोचली, तोच त्यानं हाक मारली.

"मॅडम, पोपटला काय इचारलं का तुमी?"

पोपट म्हणजे नंदाचा धाकटा भाऊ. त्याच साइटवर मदतनीस. किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला अजून त्याच्या नावानं आलेला नव्हता, म्हणून त्याचं काम एवढंच, की लांब बांधलेल्या दोरीपाशी उभं राहायचं आणि कुणाला आत येऊ द्यायचं नाही.

"अजून नाही."

"नका इचारू. त्यो लांब हुता, दोरीपाशी. त्याला काय ठावं न्हाई."

उत्कर्षानं मान हलवली. जिना उतरताना तिच्या मनात आलं, आपण पोपटचं नावही काढलं नव्हतं.

३

"हिरव्यात?" जयसिंग मोठ्यानं हसला. "मॅडम, ह्या मीटरवर हिरवं हायच कुठं?"

त्यानं कपाटातून दुसरा मीटर काढून टेबलावर ठेवला. कडा झिजलेल्या, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. याच्या काचेखाली तीन रुंद पट्टे होते. हिरवा, पिवळा, लाल.

"हा आमचा जुना. वर्षानुवर्षं हाच वापरला. काटा हिरव्यात म्हणजे बिनधास्त, लालमध्ये म्हणजे पळा. पोरं चहासुद्धा 'हिरव्यात' आहे म्हणतात, जास्त गरम नसला की."

"मग त्या दिवशी हा कुठे होता?"

उत्तर शर्मिलानं दिलं, आणि ते देताना तिचा आवाज खाली गेला. "मुंबईला. कॅलिब्रेशनला, काटा बरोबर दाखवतो का ते तपासून घ्यायला पाठवला होता. म्हणून तर हा नवा मागवला."

नव्या मीटरची मोजपट्टी साधी होती. पांढऱ्यावर काळे आकडे. शून्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत कुठेही रंग नाही.

"म्हणजे काय झालं," जयसिंगनं बोटं मोडत सांगितलं, "गड्यानं मीटर उचललाच नाय. आता विचारल्यावर काय सांगायचं? सवयीनं तोंडातून गेलं, हिरव्यात होता. जो मीटर साइटवर नव्हताच, त्याच्यावरचा काटा बघितला म्हणतो! मला वाईट वाटतं मॅडम. माझाच माणूस हाय. पण खोटं ते खोटं."

जयसिंगला टोचून बोलायला शर्मिलाला एरवी कारण लागत नसे. आज कारण असूनही ती गप्प होती.

माणूस घाबरून खोटं बोलतो तेव्हा नवं काही रचत नाही, ओळखीचंच बोलतो, हे उत्कर्षानं अनेकदा बघितलं होतं. जयसिंगच्या म्हणण्यात कुठे फट दिसत नव्हती. एवढंच, की टिकटिक नव्हती असं सुखदेव कशाला म्हणाला? खोटंच बोलायचं तर हळू टिकटिक होती, असं म्हणणं सोपं होतं. त्याला मीटरचा आवाज चांगला ठाऊक होता.

तिनं जुना मीटर उचलला. याच्या बटणाला बंद आणि चालू अशा दोनच जागा. एक खटका दिला, तो टिकटिकू लागला. मग तिनं नवा उचलला आणि तसाच, एकच खटका दिला.

आवाज आला नाही. काटा उठला आणि थरथर न करता उभा राहिला.

"जयसिंग," ती म्हणाली, "इकडे या. हिरवं बघायचंय ना तुम्हाला?"

४

सेलची पट्टी मोजपट्टीच्या खाली होती, करंगळीच्या नखाएवढी. चार दिवसांपूर्वी उत्कर्षानं स्वतः काटा तिथे उभा केला होता आणि मोजणीशी त्याचा काही संबंध नाही म्हणून सोडून दिला होता.

"या मीटरचा पहिला खटका मोजणीचा नाहीच. सेलचा आहे," ती म्हणाली. "बटण इथे असताना मीटर फक्त आपले सेल बघतो. समोर इरिडियम ठेवा नाहीतर वांगं ठेवा, काटा हिरव्यातच राहणार. आणि टिकटिकही नाही. सुखदेवनं सांगितलं ते दोन्ही बरोबर आहे."

जयसिंगनं बटण मागेपुढे करून बघितलं. "च्यायला," एवढंच तो म्हणाला.

शर्मिलाच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "म्हणजे तो खरं बोलतोय! मीटर घेऊन गेला होता तो. एक खटका कमी पडला, बस. हा अपघातच झाला ना मॅडम?"

"त्या दिवशी सकाळी मीटर कुणी तपासला?"

"सुखदेवनंच. माझ्यासमोर, इथेच. जयसिंग जीप आणायला गेले होते, पोपट पाण्याचा जार भरत होता."

"कसा तपासला?"

"अगदी व्यवस्थित. आधी सेल, मग दुसरा खटका, मग मीटर कॅमेऱ्याला टेकवून टिकटिक वाढते का बघितलं. उलट मलाच म्हणाला, 'मॅडम, ह्याचं येगळंच हाय, पयला खटका सेलचा. ध्यानात ठेवाय पायजे.'"

बोलताबोलता शर्मिला थांबली. तिच्याही लक्षात येऊ लागलं असावं, कारण ती उत्कर्षाकडे नको तो निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखी बघत राहिली.

"ज्यानं सकाळी हे वाक्य उच्चारलं," उत्कर्षा सावकाश म्हणाली, "त्याला दुपारी काटा हिरव्यात दिसला असता, तर त्यानं काय केलं असतं?"

"दुसरा खटका दिला असता."

"हो. घरी गॅसचं बटण दोनदा बघणारा माणूस आहे तो. सुखदेवनं काटा बघितलेला नाही, शर्मिला. त्यानं 'हिरव्यात' हा शब्द ऐकलाय."

त्या दुपारी जयसिंग साइटवरून निघून गेला होता. शर्मिला हडपसरला होती. हा शब्द उच्चारायला तिथे एकच माणूस उरत होता, आणि तो म्हणे लांब, दोरीपाशी उभा होता.

५

हडपसरजवळ मांजरी गावात, नव्या इमारतींच्या मागे, उसाच्या एका पट्ट्याला लागून सुखदेवचं दोन खोल्यांचं घर होतं. पोपट तिथेच राहायचा. नंदा कपडे न्यायला दवाखान्यातून आली होती. तिनं बाबासाहेबांच्या तसबिरीखालची खुर्ची पुसून उत्कर्षाला दिली आणि चहा टाकला.

पोपट समोर सतरंजीवर बसला. हसरा, उंच, तिशीच्या आतबाहेरचा. पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा होती. पास झाला की बिल्ला मिळणार आणि तो सुखदेवसारखा पक्का होणार.

"दाजींचं कसं हुईल मॅडम?" त्यानंच आधी विचारलं. "कंपनी काय म्हनती?"

"तेच ठरवतेय. तुम्ही कुठे होता त्या वेळी?"

"म्या दोरीपाशी हुतो. लांब." पाठ केल्यासारखं आलं.

उत्कर्षानं पिशवीतून नवा मीटर काढून त्याच्यासमोर ठेवला. "तुमची परीक्षा आहे म्हणता. हा जरा चालू करून दाखवा बघू."

"आता घ्या! ह्यात काय अवघड हाय?" तो खुलला. त्यानं मीटर मांडीवर घेतला, बटण पकडलं आणि सफाईनं फिरवलं. एक खटका.

काटा उठून उभा राहिला. पोपटनं मान तिरकी करून बघितलं.

"बघा. हिरव्यात," तो म्हणाला आणि मीटर कौतुकानं तिच्याकडे वळवला.

आवाज नाही, हे त्याला खटकलंही नव्हतं. खटका एक आणि काटा हिरव्यात. त्याच्या सगळ्या आयुष्यात याचा अर्थ एकच होता. उत्कर्षानं मीटर घेऊन बंद केला आणि पिशवीत घातला. शोध इथेच संपला, असं तिला वाटलं.

नंदानं चहा आणला. पोपटनं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"पी की," नंदा म्हणाली.

"नगं. झोंबतंय."

"तोंड आलंय त्याचं," नंदानं उत्कर्षाला सांगितलं. "तिखट चालंना, गरम चालंना. दात घासताना हिरड्यातनं रगत येतंय. म्या म्हनते, दाजीच्या काळजीनं उष्णता झालीया."

उत्कर्षाचा कप ओठांपाशी थांबला. तिनं पहिल्यांदाच पोपटकडे नीट बघितलं. साक्षीदार म्हणून नाही. त्याच्या कोपरापाशी एक जांभळट डाग होता, कुठे आपटल्यासारखा. दुसरा मनगटाच्या वर.

"हे कशानं झालं?"

"काय की. आपटलं आसंल."

"आणि ज्या दिवशी हे सगळं झालं, त्या संध्याकाळी बरं होतं तुम्हाला?"

"कशाचं बरं!" नंदा म्हणाली. "नुसत्या उलट्या. लोणीची भेळ बाधली म्हनला."

"भेळ दाजींनी पण खाल्ली हुती," पोपट हसत म्हणाला. "त्यांचं पोट लोखंडाचं हाय."

उत्कर्षानं कप खाली ठेवला. "पोपट, त्या दिवशी तुम्ही लोणीहून घरी कसे आलात?"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बहिणीकडे गेले.

"बसनं," तो म्हणाला.

६

दवाखान्यात तिनं सुखदेवच्या खाटेजवळचा पडदा ओढून घेतला.

"पोपट तुमच्याबरोबर जीपमध्ये होता," ती म्हणाली. "नळी कुठे होती?"

सुखदेवनं डोळे मिटले. नाकारायची ताकद गोळा करतोय असं आधी तिला वाटलं. मग कळलं, ती संपली होती.

"म्या हँडल फिरवत हुतो," तो डोळे न उघडता म्हणाला. "त्याला हाळी दिली, बघ रे जरा. जेवताना मीटर म्याच बंद करून ठिवला हुता. त्यानं उचलला, गेला, आन वरडला, हिरव्यात हाय दाजी. नेहमीचंच हाय ते. दोघांनी केलं की लवकर उरकतं. पर त्याला बिल्ला न्हाई, त्यानं दोरीच्या आत यायचंच न्हाई. हितं आल्यावर ध्यानात आलं माज्या, कुठला खटका आसंल त्यो. म्हनून त्याला सांगितलं, तू दोरीपाशी हुतास म्हन, आन बसनं घरी गेलास म्हन. कशापायी ते न्हाई सांगितलं."

"त्याला माहीत नाही?"

"न्हाई. त्याला वाटतंय, मीटर बराबर हुता, मागनं काय तरी झालं." आता त्यानं डोळे उघडले. "मॅडम, तुमी असं लिवा. म्या मीटर घेतला, म्याच एक खटका दिला, म्याच फसलो. म्हंजी अपघातच हुतो ना? त्याचं बी नाव येत न्हाई, माजंबी भागतं. कुनाचं काय जातंय?"

हा विचार तिनं मांजरीहून येताना रिक्षात केला होता. ते खोटं फार चांगलं बसत होतं. मीटर निर्दोष, खटका चुकला, माणूस थकलेला. जयसिंग ते मोडू शकला नसता, शर्मिलानं मोडलं नसतं. सगळ्या अहवालात एकच वाक्य खोटं, आणि त्या वाक्यावर एक घर उभं राहिलं असतं.

"नळी कुठे होती, सुखदेव?"

"मागं. गुंडाळून ठिवली हुती."

"आणि पोपट?"

"मागंच बसला हुता. पुढच्या सीटवर कॅमेऱ्याचं सामान हुतं." त्याला आता तिचा चेहरा दिसत होता, आणि त्याचा आवाज अडखळला. "पायाशी हुती त्याच्या. रस्त्यात टँकर उलटला हुता. गाडीच हलंना. मांजरी फाट्यापातूर लय येळ लागला. गाणी म्हनत हुता त्यो."

उत्कर्षानं मनातल्या मनात गणित केलं. इरिडियम किती, अंतर हातभर, वेळ तास-दीड तास. उत्तर आलं ते तिला पटेना, म्हणून अंतर थोडं वाढवून पुन्हा केलं. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तिनं ते सोडून दिलं.

"त्याचं तोंड आलंय. हिरड्यांतून रक्त येतंय. अंगावर डाग आहेत," ती म्हणाली. "तुमचा हात भाजला तो दिसला. त्याचं जे भाजलंय ते हाडांच्या आत आहे, जिथे रक्त तयार होतं तिथे. त्याला आज इथे आणायला हवं. आणि का आणलं, हे डॉक्टरांना खरं सांगायला हवं. जीप, नळी, किती वेळ, सगळं."

"आन तुमी माजं म्हननं लिवलं तर?"

"तर त्याला मांजरीत तोंड येण्याचं मलम मिळेल."

सुखदेवनं डावा हात चेहऱ्यावर ठेवला. पडद्यापलीकडे कोणीतरी फोनवर मोठमोठ्यानं मटाराचा भाव विचारत होतं.

"परीक्षा हुती त्याची," तो हाताआडून म्हणाला. मग हात खाली घेत, "लिवा मग."

७

अहवाल दोन पानांचा झाला. मीटर योग्य प्रकारे काम करत होता. तो परवानगी नसलेल्या मदतनिसानं हाताळला. जबाबदार रेडिओग्राफरनं, म्हणजे सुखदेवनं, स्वतः मोजणी केली नाही. मीटरचा नवा नमुना मदतनिसाला दाखवला गेला नव्हता आणि काम घाईनं उरकायला सांगितलं होतं, हेही तिनं लिहिलं.

पहिली तीन वाक्यं कंपनीला चांगली सोयीची पडली. सुखदेवला कामावरून काढलं. पोपटच्या नावावर बिल्लाच नव्हता. तेव्हा कंपनीच्या हिशेबी त्याला किरणं लागलीच नव्हती. वकिलांमार्फत भांडता येईल, असं उत्कर्षानं नंदाला सांगितलं. नंदानं, किती वर्षं लागतील, असं विचारलं.

जयसिंग तिला ऑफिसच्या दारात भेटला. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो ना मॅडम," तो म्हणाला, "त्यानं मीटर बघितला नाय." यात त्याला आनंद झालेला नव्हता. पण तो बरोबर होता, आणि ते कोणीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं.

"हो. म्हणाला होतात," उत्कर्षा म्हणाली. "उरका पटकन, असंही म्हणाला होतात."

शर्मिला फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत आली. "मी त्या सकाळी पोपटला हाक मारून तो खटका दाखवला असता तर?"

"तर हे झालं नसतं."

"तुम्ही 'असं नसतं गं' म्हणाल असं वाटलं होतं."

"माहीत आहे," उत्कर्षा म्हणाली. दुसरं काही म्हणता आलं असतं तर तिनं म्हटलं असतं.

पोपटला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. काचेची खिडकी, आत जाणाऱ्याला मास्क आणि टोपी. रोज रक्त काढत आणि रोज आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली येई. डॉक्टर 'बघू' म्हणत होते. तो शब्द उत्कर्षाला कळत होता. नंदाला अजून कळायचा होता. ती रोज धुतलेला शर्ट आणत असे, घरी जाताना लागेल म्हणून.

उत्कर्षा गेली तेव्हा सुखदेव खिडकीबाहेर स्टुलावर बसला होता. उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. तो हात त्यानं शालीत घेतला होता. आत काचेला लागूनच पोपटची खाट होती आणि त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. तिला बघून त्यानं काचेजवळचा फोन उचलला.

"मॅडम, दाजी म्हनत्यात मीटर खराब निघाला. खरं हाय का?"

सुखदेवनं वर बघितलं नाही.

उत्कर्षानं आयुष्यात हजारो मीटर तपासले होते आणि एकाही चांगल्या मीटरला वाईट म्हटलं नव्हतं.

"हो," ती फोनमध्ये म्हणाली. "खराब होता."

"तरीच!" पोपटनं श्वास सोडला, आणि काचेवर त्याची वाफ धरली. "माजा जीव टांगला हुता मॅडम. म्या म्हनलं, म्या तर नीट बघितलं हुतं. मग दाजींचा हात असा कसा झाला?"

"तुम्ही नीट बघितलं होतं."

त्यानं डोळे मिटले आणि उशीवर मान टाकली. बऱ्याच दिवसांनी त्याला झोप येत होती, असं नर्स म्हणाली.

सुखदेव उठून उत्कर्षाबरोबर जिन्यापर्यंत आला. तिथे त्यानं डावा हात कपाळाला लावला, तिचे आभार मानले. तिला ते सहन होईना, आणि तरीही तिनं त्याला सांगितलं नाही, की अहवालाची प्रत संबंधितांना घरच्या पत्त्यावर पाठवायचा नियम आहे, ती काल निघाली आहे, आणि त्या संबंधितांत पोपटचं नाव दुसरं आहे.